बापाचे गुडघे

कबड्डी लीगच्या लिलावासाठी कॉलेजची पोरं हेरणारा हा उरणकडचा माणूस आमच्या बोनकोड्याच्या मैदानावर नेहमी दिसतो. टाळी कधी वाजवत नाही. चढाई रंगात असताना बडीशेप चघळत बसतो, पण पोरगं आपटलं की मान पुढे काढून बघतो. "पडतात सगलेच. उठतो कसा, ते बगाचं." कुणाबद्दलही विचारा, एकच उत्तर, "बरा हाय." माझी त्यानेच झोप उडाली आहे, कारण माझ्या मुलाचं नाव लिलावात जाणार की नाही, हे याच्या हातात.

परवा मुलाने एकट्याने सामना फिरवला. मी विचारलं, "दादा, कसा वाटला?"

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. "तुमी पन खेलायचात ना? पोराचे गुडघे बापावर जातात. जरा त्या खांबापर्यंत चालून दाखवा."

माझे गुडघे कधीच कामातून गेलेत. तरी दात आवळून ताठ चालत सुटलो. खांब हाताशी आला, तेवढ्यात मुलगा धावत आला आणि घरी जिन्यावर देतो तसा त्याने सवयीने खांदा पुढे केला.

मागून आवाज आला, "बरा हाय."

वळून बघायचा धीर मला झाला नाही.