काचेपलीकडचा डाव

आज सकाळी देवापुढे दिवा लावला, लेकीच्या, सईच्या, कपाळाला अंगारा लावला आणि बजावलं, "क्लासच्या सरांनी शिकवलेलीच सुरुवात कर." मुलुंडला लहान मुलांची बुद्धिबळ स्पर्धा होती.

पालकांना आत सोडत नाहीत. मी दाराच्या काचेपाशी उभा. पहिलीच चाल पाहिली आणि कपाळाला हात लावला. पोरीनं राजासमोरचं प्यादं एकच घर सरकवलं! ही आमच्या गावची सुरुवात. गावी प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, आणि सई रोज संध्याकाळी माझ्याशी तसंच खेळते.

"काका, जरा मागे व्हा ना," पंच म्हणाले.

मागे झालो, नामस्मरण सुरू केलं, पुन्हा काचेपाशी. कपाळावरचा हात काही निघेना.

सई हरून बाहेर आली.

"सवयीनं गेलं ना गं प्यादं?"

"सवयीनं नाही बाबा, मुद्दाम! सरांची सुरुवात त्या मुलाला पाठ आहे. आपली गावची त्याला कुठे येते? अडकला होता तो. मग वर बघितलं, तर तुम्ही कपाळाला हात लावून उभे. मला वाटलं, वाट लागली. घाबरले आणि घोडा घालवला."

काळजी करता करता मुलांच्याच आड येणं तुमचंही कधी झालंय का?

पुढच्या फेरीला तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि फाटकाबाहेरच्या बाकावर येऊन बसलो. पाय सारखे दाराकडे ओढत होते. आता मुलं बाहेर येऊ लागलीत. मी बाकावरून उठलो नाही.