शंभराहून साठ मोठे

नंदुरबारच्या सदफने संगणकाची पदवी घेतली तेव्हा मोहल्ल्याला वाटलं, आता पोरगी पुण्याला जाणार. ती गेली मिरचीच्या पथारीवर. पथारी म्हणजे गावाबाहेरचं उघडं मैदान. तिथे लाल मिरची वाळत पडते आणि सदफची आई अख्तरबानो इतर बायकांबरोबर ती खालीवर करते. पथारीचे मालक धीरजशेठ यांना रोज सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर हवामानाचा निरोप हवा होता. ते काम सदफने घेतलं.

हवामानाची माहिती एक्सएमएलमध्ये यायची, म्हणजे प्रत्येक आकड्याला नावाची चिठ्ठी लावून. सदफची स्टाइलशीट, म्हणजे तिने लिहून ठेवलेले नियम, ती माहिती वाचून एक वाक्य काढायची. पावसाची शक्यता साठ टक्क्यांच्या वर असली तर ‘झाकी ल्या’, नाहीतर ‘वाळू द्या’. पण शेठ साठावर टिकेनात. भावात घासाघीस करणारा माणूस पावसातही करतो. आज साठ, उद्या पंचावन्न. म्हणून सदफने तोही आकडा वेगळ्या फाइलीत ठेवला. स्कीमा लावून, हे आकडे आहेत, असं मशीनला सांगायचं मात्र राहिलं. एवढं काय सांगायचं, असं तिला वाटलं.

कोणी सांगितलं नाही म्हणून मशीनने दोन्हीकडे नुसती अक्षरं धरली आणि शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून लावली. नऊ टक्के आले, तर नऊ हा साठातल्या सहाच्या पुढचा, म्हणून नऊ मोठे. त्या दिवशी बायकांनी कडक उन्हात ताडपत्र्या ओढल्या आणि शेठ म्हणाले, पोरगी सावध आहे. मग ऐन थंडीत एकदा शंभर टक्के आले. एक हा सहाच्या आधीचा. अख्तरबानोने अभिमानाने वाचून दाखवलं, ‘वाळू द्या’. दुपारी सगळी मिरची भिजली.

शेठ ओरडले आणि विसरले. पण सकाळी निरोप वाचून घ्यायला अख्तरबानोभोवती बायका जमायच्या, ते बंद झालं. तिच्या शेजारी बसणारी दगूबाई तर तोंडावर म्हणाली, “तुन्ही पोर ‘वाळू द्या’ म्हनस ना, मंग लवकर झाका!” आई घरी येऊन मोबाइल पालथा ठेवून भाकऱ्या थापायला बसली. सदफला तेच झोंबलं.

तिने स्कीमा लावला. शक्यता म्हणजे शून्य ते शंभरातला पूर्णांक. दुसरं काही आलं तर पुढे जायचं नाही. त्यानंतर निरोप बरोबर येऊ लागले. विचारत कोणीच नव्हतं. अख्तरबानो ते एकटीच वाचायची.

एके सकाळी हवामानाकडून आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ आली. जुन्या स्टाइलशीटने ती गिळून ‘वाळू द्या’ म्हटलं असतं. नवी अडून बसली. आभाळ स्वच्छ होतं. सदफने हाताने काहीही लिहिलं असतं तरी खपलं असतं. तिने लिहिलं, ‘आज माले माहीत नही.’

अख्तरबानोने ते दोनदा वाचलं. मग मनाचा हिय्या करून मोठ्याने वाचलं.

“म्हंजे?” दगूबाईने विचारलं.

“म्हंजे तिले माहीत नही.”

शेठ, तलाठी, बुवा, जावई, यांपैकी कोणाच्याही तोंडून दगूबाईने हे वाक्य ऐकलं नव्हतं. ती उठली आणि तिने ताडपत्रीचं एक टोक धरलं. दुसरं अख्तरबानोने धरलं. पाऊस काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी दगूबाई आल्या आल्या अख्तरबानोजवळ बसली. “आज काय म्हनस तुन्ही पोर?”

अख्तरबानोच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीच्या पथारीवर त्याचं कारण कोणी विचारत नाही.