चार्जरचं बटण बंद करणारा चोर

ती तक्रार आजही जशीच्या तशी आठवते, कारण तक्रारदार बाईपुढे माझी वर्दीच फिकी पडली होती.

मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी. खांद्यावर तीन चांदण्या, चालण्यात तोरा आणि आपल्याला माणसं कळतात असा दांडगा गैरसमज. बोरी बुद्रुककडच्या मळ्यातली सत्तरीची आजी सकाळच्या एसटीने आली आणि थेट माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"माजा फोन चोरीला गेला. काल दिवस मावळल्यावर. लिवून घ्या."

मी ऐटीत म्हणाले, "आजी, या वयात फोन कशाला? देवाचं नाव घ्या."

"देवाला माजं नाव ठाऊक हाय. माजी भन लोणीला अंथरुणाला खिळलीय. रोज सांजच्याला आमी व्हिडिओवर बोलतो. काल ती वाट बघत बसली आसंल. तुमी लिवता, का मी साहेबाकडं जाऊ?"

साहेब मीच होते. मुकाट्याने लिहून घेतलं.

मळ्यावर पंचनामा करताना शेजारचा शेतकरी हळूच म्हणाला, "मॅडम, अंधार पडला की बिबट्यापायी समदी दारं बंद. उसातून चोर यील कसा, राव?"

टीप पक्की होती: चोर घरातलाच. शिवाय फोन जिथे चार्जिंगला होता तिथे चार्जरची वायर नीट गुंडाळलेली आणि भिंतीवरचं बटण बंद. वीजबिलाची काळजी करणारा चोर मी नोकरीत पहिल्यांदाच पाहत होते.

आजीच्या मुलाला ओसरीवर बसवलं.

"फोन कुणी नेला?"

"मला काय म्हाईत?"

"आणि बटण कुणी बंद केलं?"

"मीच. उगा लाइट..." त्याने जीभ चावली.

फोन बाजरीच्या कोठीतून निघाला. "तिच्या भल्यासाठीच केलं, मॅडम. फोननं म्हाताऱ्या माणसांचं डोकं बिघडतं."

"कुणी सांगितलं?"

"फोनवर आलं व्हतं."

आजी पुढे झाली. "मला पयल्यापासून ठाऊक व्हतं. पर घरात इचारलं आसतं तर तू म्हणला आसतास, आई, तूच कुटंतरी ठिवून इसरलीस. म्हणून वर्दी आणली. सांजचं दार लागलं की तू तुज्या फोनात, सून टीव्हीत. मी भिंतीसंगं बोलू व्हय?"

मी विचारलं, "तक्रार मागे घेता?"

"नाय. ऱ्हाऊ द्या तशीच. पुन्यांदा हात लावला तर कामाला यील."

तिने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. पडद्यावरून आवाज आला, "काल मेलीस का काय गं?"

"चोर धरत व्हते!"

पुढे कितीतरी तपास केले, पण एवढं एकदाच शिकले: म्हाताऱ्या माणसाचं भलं त्याला विचारल्याशिवाय करायला गेलात, तर ते आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत जाऊ शकतं.

आता मी स्वतः आजी आहे. सून म्हणते, "आई, डोळ्यांसाठी तरी फोन बाजूला ठेवा. नाहीतर मीच लपवीन."

मी म्हणते, "लपव की. फक्त चार्जरचं बटण चालू ठेव, म्हणजे मला चोर शोधायला जरा तरी मजा येईल."