पवनवीरची बाजू

उधन्याजवळच्या नवागामच्या त्या गल्लीत रविवारी दुपारी सिनेमावरून भांडण झालं नाही, तर समजावं की कुणाची तरी मयत आहे, नाहीतर सुकदेव गावाला गेलाय.

सिनेमाही कुठलाही नाही. ज्यात माणूस उडतो, एका बुक्कीत ट्रक उलटवतो, पडणारी बिल्डिंग खांद्यावर पेलतो, असले. त्यातला सगळ्यात भारी कोणता, एवढाच प्रश्न, आणि तो काही आठ वर्षं सुटत नव्हता. कार्टून मात्र चालायचं नाही, हा नियम सुकदेवचा. "हाडमासना मानूस पाहिजे," तो म्हणायचा. "चितारेल बाहुला उडना तर त्यामा काय मोठं?"

सुकदेवचं वय चौपन्न. एकोणिसाव्या वर्षी पारोळ्याकडच्या गावातून भुसावळ पॅसेंजरनं उधन्याला उतरला आणि दुसऱ्या दिवशी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभा राहिला तो आजतागायत उभाच आहे. दहा लूम एका माणसाकडे, बारा तासांची पाळी, आणि खडखडाट असा की शेजारचा कोकलला तरी त्याचा शब्द पोचायचा नाही. म्हणून लूमवरची माणसं तोंडाकडे बघून बोलणं समजून घेतात. शिकवावं लागत नाही, पाण्यात पडलं की हात हलतात तसं ते येतं. सुकदेव या कामात उस्ताद होता. चार लूम पलीकडून पाळीवरच्या मास्तरनं कुणाला काय शिवी दिली, हे तो ज्याला दिली त्याच्या आधी ओळखायचा.

तर रविवारी चहाच्या लारीपाशी, भिंतीला पाठ लावून सुकदेव बसायचा. समोर त्याचा मुलगा योगेंद्र, वय चोवीस, मार्केटात साड्यांच्या पॅकिंगला जाणारा, त्याचे तीन-चार दोस्त, आणि निंबा. निंबा सुकदेवच्या गावचा, त्याच कारखान्यातला, नात्यानं कुणी नाही पण सुकदेवला दादा म्हणणारा. पोरांची बाजू ठरलेली: 'महातूफान'. इंग्रजी सिनेमा, हिंदीत डब केलेला, त्याचे चार भाग आलेले. सुकदेवची बाजूही ठरलेली: 'पवनवीर'. आपल्याकडचा, हिंदी, आला कधी नि गेला कधी कुणाला कळलं नाही असला.

"पप्पा, त्यामा तार दिखस तार!" योगेंद्र कपाळाला हात लावायचा. "हिरो उडस नि वर दोरी लटकस."

"दोरी दिखनी म्हनजे काय? मानूस खरोखर लटकना व्हता ना? तुन्हा महातूफान त्या लोखंडना टोपडामा शे का बाहेर शे, कोन देखाले गया?"

"तुमले काय समजस त्यामा!"

"तुन्हा बापले समजत नही, मंग तुले कथाईन समजनं?"

आणि हशा. सुकदेव हरायचा नाही. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात, हा तर तासभर एकटाच बोलायचा. मध्येच कुणी मावा तोंडात ठेवून काही म्हणालं की ओरडायचा, "पहिले थुक, मंग बोल!" निंबाच्या मिशीवर तर त्याचा जुना राग. ओठांवर छपरासारखी उतरलेली ती मिशी. "काट रे ते जंगल," दर रविवारी सांगायचा, आणि निंबा दर रविवारी मिशीवरून हात फिरवत म्हणायचा, "मिशी गयी तर मन्हा जोडे राहीन काय, दादा?"

सुकदेवला ऐकू येत नव्हतं.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा कुकरची शिट्टी गेली, मग फोनची घंटी, मग मागून येणाऱ्या रिक्षाचा भोंगा. गेल्या दोन-अडीच वर्षांत तर सगळंच गेलं होतं. लूमचा खडखडाट तेवढा पायातून अंगात चढायचा. कारखान्यात काही बिघडलं नाही, तिथं कुणालाच ऐकू येत नाही. घरी बायको, मालतीबाई, त्याच्या पाठीशी बोलायची आणि उत्तर आलं नाही की भांडी आपटायची. भांड्यांचा आवाजही त्याला यायचा नाही, पण तिच्या खांद्यांवरून कळायचं. माणूस घरी आला की तोंडाला कुलूप लावतो, असं ती शेजारणींना सांगायची. सुकदेवनं ते चालू दिलं. बायको चिडलेली परवडली.

कारण त्यानं धुडकूला पाहिलं होतं. पाहिलं कसलं, धुडकूचे हाल करणाऱ्यांत तो पहिला होता. धुडकू जुना कारागीर, कान गेलेला, आणि ते कारखाना जाणून होता. मग त्याच्यासमोर त्याच्याच बायकोबद्दल वाट्टेल ते बोलायचे आणि तो हसत बघत राहायचा. काही विचारलं, काही सांगायला लागला, की सगळे एका सुरात मान हलवायचे: "हा बाबा, हा बाबा." म्हातारा म्हणाला पाऊस येणार, हा बाबा. म्हातारा म्हणाला येणार नाही, हा बाबा. शेवटी एक दिवस धुडकू पेटी घेऊन पॅसेंजरमध्ये बसला. त्याला पोचवायला सुकदेवच गेला होता. गाडी सुटताना खिडकीतून धुडकू काहीतरी म्हणाला होता, आणि सुकदेवनं न ऐकताच मान हलवली होती. हा बाबा.

आपला धुडकू होऊ द्यायचा नाही, एवढंच सुकदेवनं मनाशी धरलं होतं. बाकी काय व्हायचं ते होवो. आणि म्हणून त्याला रविवारचं भांडण प्यारं. भांडताना माणसं तोंडं मोठी उघडतात, समोर बघून बोलतात. आणि जो भांडतो त्याच्या तोंडावर कुणी 'हा बाबा' म्हणत नाही.

'पवनवीर'ची बाजू का, हेही त्यातच आलं. तो सिनेमा पाहिला तेव्हा कान अर्धे होते, पण पुढे मोबाइलवर आवाजाशिवाय दहा वेळा पाहिला तरी त्याला अख्खा कळायचा. पवनवीरला नुसता चष्मा होता, तोंड उघडं. माणसं हिंदी बोलायची आणि ओठही हिंदीच बोलायचे. डब केलेल्या सिनेमात तसं नव्हतं. ओठ इंग्रजीत हलायचे, पोरं हिंदीत ऐकायची, आणि सुकदेवच्या हाती काहीच लागायचं नाही. त्यात महातूफानच्या डोक्यावर लोखंडी टोप, गळ्यापर्यंत. हे पोरांना सांगणार कसं? दोरी बरी की टोप, यावर जन्मभर भांडता आलं असतं. खरं कारण तोंडाबाहेर काढायची सोय नव्हती.

दिवाळीनंतर महातूफानचा पाचवा भाग लागला. योगेंद्रनं तिकिटं काढली, बापाचंही काढलं. "एकदाव देखा, मंग बोला. न देखता भांडाना नियम नही." नियमाचा भुकेला माणूस नियमात सापडला. डोकं दुखतं म्हणून पाहिलं, पाळी बदलायचीय म्हणून पाहिलं. शेवटी एका रविवारी सकाळी नाश्त्याला लोचो खाऊन सगळे दुपारच्या खेळाला गेले. योगेंद्रनं बापाला मधल्या खुर्चीत बसवलं, स्वतः डावीकडे, निंबा उजवीकडे.

पडद्यावर आग लागली, पूल पडला, विमानं आदळली. तेवढं सुकदेवला समजलं. मग माणसं बोलायला लागली. बोलतच राहिली. सुकदेव त्यांच्या ओठांकडे जीव एकवटून बघत होता आणि ओठांतून एक शब्द सुटत नव्हता. थिएटर हसलं की तो हसायचा, पण थोडा मागून. मग तो पडदा सोडून शेजाऱ्यांचे चेहरेच बघायला लागला.

शेवटी शेवटी एक म्हातारा खाटेवर पडला होता. महातूफान जवळ बसला. म्हातारा काहीतरी बोलला, चार-पाच वाक्यं असतील. सुकदेवनं डावीकडे पाहिलं, योगेंद्र मनगटानं डोळे पुसत होता. उजवीकडे निंबा, दोन मुलींची लग्नं केलेला बाप्या, नाक ओढत होता. पुढच्या रांगेतली बाई पदरात तोंड घालून बसली होती. अख्खं थिएटर कशासाठी तरी रडत होतं आणि मध्ये बसलेल्या सुकदेवला ते कशासाठी हे कळायला मार्ग नव्हता. त्यालाही रडू आलं. ते सिनेमाचं नव्हतं.

बाहेर आल्यावर लारीवर चहा घेतला. योगेंद्र समोर उभा राहिला, खुशीत. "आते सांगा पप्पा. बाकी सोडा, पन शेवटले त्या म्हातारानी जे सांगं, तसं तुमना पवनवीरमा शे का?"

सुकदेवनं चहाचा घोट घेतला. खाटेवरचा म्हातारा, जवळ बसलेला पोरगा. दुसरं काय असणार? "त्यामा काय इतलं? बापनी मरता मरता आशीर्वाद दिधा. पवनवीरमा बी देस."

कुणी हसलं नाही. निंबाचं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. योगेंद्र बापाकडे बघत होता, मग बघता बघता समोरून बाजूला झाला. सुकदेवला वाटलं बिस्किटं आणायला गेला असेल. तो निंबाला दोरीचं काहीतरी सांगायला लागला, पण निंबाचे डोळे त्याच्या खांद्यावरून मागे गेले होते, आणि तिथंच अडकले होते. सुकदेव वळला. मागे, हातभर अंतरावर, योगेंद्र उभा होता. त्याचे ओठ नुकतेच मिटत होते. त्यानं किती वेळा हाक मारली होती कुणास ठाऊक.

"काय रे?" सुकदेवनं विचारलं.

"काही नही," योगेंद्रचे ओठ म्हणाले. "गाडी काढस."

योगेंद्र रस्त्यापलीकडे गाडी काढायला गेला, निंबाही त्याच्यामागे गेला. मध्ये बस, रिक्षा, टेम्पो, सगळा उधन्याचा गोंगाट. कान शाबूत असलेल्या माणसाला तिथून एक अक्षर ऐकू आलं नसतं. सुकदेव लारीला टेकून उभा होता आणि मुलाचं तोंड त्याच्याकडे होतं.

"त्या म्हातारानी सांगं का तुन्ही मायले मीच मारं," योगेंद्र निंबाला म्हणत होता. "नि पप्पा म्हनतस आशीर्वाद दिधा." मध्ये एक टेम्पो गेला. "कान गयात त्यासना, काका. मी तीन दाव हाक मारी." योगेंद्रनं तोंड पुसलं. "आते त्यासना संगे भांडू नका. त्या जे म्हनतीन त्याले हा म्हना."

निंबाची पाठ होती, पण त्याचं डोकं हललेलं दिसलं. हो म्हणाला.

सुकदेवला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, दिसतंय मला! पण काय सांगणार? पोरगा वाईट बोलला नव्हता. वाईट बोलला असता तर मानगूट धरता आली असती.

त्या आठवड्यात मालतीबाईनं एकदाही भांडी आपटली नाहीत. ती आता समोर येऊन, खांद्याला हात लावून बोलायची, लहान लेकराशी बोलावं तसं तोंड मोठं करून. "जे-व-ता ना?" सगळं कौतुकानंच चाललेलं, आणि तिच्या डोळ्यांकडे बघायचीही त्याला भीती वाटायची. पंचवीस वर्षं जिच्या रागाला तो कंटाळला होता, ती बाई रागवायची थांबली होती. 'कान दाखवून ये' असंही कुणी म्हणालं नाही. तो कबूल करेपर्यंत त्याचा मान राखायचा, असं त्यांचं ठरलं असावं. त्यांच्या मानाखाली माणूस गुदमरतोय, हे त्यांना कोण सांगणार?

रविवार आला. सुकदेव भिंतीला पाठ लावून बसला. पोरं आली. कुणी काही सांगायच्या आधीच दोघांनी मावा थुंकला, चुळा भरल्या. मग निंबा आला.

निंबानं मिशी काढली होती. वरचा ओठ उघडा, पांढरट, कोवळा दिसत होता.

सुकदेवनं छाती भरून घेतली आणि सुरू केलं. पवनवीरची दोरी, पवनवीरचं उडणं, हाडामासाचा माणूस. नेहमीसारखा थांबला, जिथं योगेंद्र कपाळाला हात लावायचा तिथं.

"खरी गोष्ट शे, पप्पा," योगेंद्र म्हणाला. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. "पवनवीरच भारी."

पोरांनी माना हलवल्या. आठ वर्षांचं भांडण सुकदेव जिंकला होता.

तो सगळ्यांची तोंडं एकेक करून बघत गेला. मग एकदम उलटला. "नही! मी चुकनू. महातूफानच भारी. पवनवीर म्हनजे कचरा शे कचरा. दोरी दिखस त्यामा!"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग योगेंद्रकडे. आणि पुन्हा माना हलल्या, तेवढ्याच, तशाच.

"अरे, मंग भांडा ना कोनीतरी!" सुकदेव उभा राहिला. हातातला चहा सांडला. "भांडा ना मन्हासंगे!"

निंबा पुढे झाला. त्यानं सुकदेवचा हात धरला, चेहरा त्याच्या अगदी समोर आणला आणि त्या उघड्या ओठांनी, नीट दिसेल असं म्हणाला,

"हा दादा. हा."