बाकं वाचणारा कायमिस्त्री

आमच्या गल्लीत बाबांना कायमिस्त्री म्हणतात. तीस वर्षं करवतीच्या मशीनशेजारी काढल्यामुळे त्यांचे कान गेले, त्यामुळे कुणी काहीही म्हटलं की त्यांचं पहिलं उत्तर ‘काय?’. आई मी चौथीत असताना गेली. तेव्हापासून दुकानाचे कान म्हणजे मी. शाळा सुटली की घरातल्या मधल्या दाराने दुकानात शिरायचं, गिऱ्हाईक आलं की बाबांच्या खांद्यावर थाप मारायची आणि गिऱ्हाइकाचं म्हणणं त्यांच्या कानात ओरडायचं. माझा आवाज त्यामुळेच असा फाटका झालाय. स्वभावाला मात्र दुसरं काही कारण नाही.

शाळा संपली आणि मला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला, दोन्हीकडे गणिताला. शनिवारच्या आत एकाला होकार कळवायचा होता. मी शहाण्या मुलीसारखा तक्ता केला: शिकवणं, तिथलं राहणं, वर्षाचं वेळापत्रक. पहिल्या दोन रकान्यांत दोघी अगदी जुळ्या बहिणी. तेच विषय, तसंच वसतिगृह, तेवढीच लायब्ररी, बसने तेवढाच वेळ. फरक होता तो शेवटच्या रकान्यात. नदीकाठच्या विद्यापीठात वर्षाची दोन सत्रं आणि नंतर तीन महिने सलग सुट्टी. टेकडीवरच्यात तीन आखूड सत्रं आणि प्रत्येकानंतर जेमतेम दहा दिवस. तीन महिने सुट्टी म्हणजे तीन महिने मी दुकानात. माझं मन तिथेच ठरलं होतं, पण बाबांना हे सांगायची सोय नव्हती. त्यांच्यासाठी कुणी काही सोडतंय असं कळलं की ते चार दिवस जेवायचे नाहीत.

आत्या म्हणाली, “जेवण कुठलं चांगलं ते बघ आणि मोकळी हो.” बाबा बराच वेळ तक्त्यावर वाकून बसले. मग म्हणाले, “कागदावर काय कळतंय? जाऊन बघू.”

सुताराला गणिताच्या वर्गात काय दिसणार, असं माझ्या मनात आलं. त्याची मला अजून लाज वाटते.

आधी नदीकाठी गेलो. मी फळा बघत होते तोवर बाबा गुडघ्यांवर बसून बाक हलवत होते. बाक हललं नाही. “पक्कं आहे!” ते ओरडले. “लांब सुट्टी ना, दुरुस्तीला वेळ मिळतो.” मग ते शिक्षकांच्या उंच टेबलापाशी गेले. त्याची कड दोन ठिकाणी झिजून गुळगुळीत झाली होती. बाबांनी आपले दोन्ही पंजे तिथे ठेवले, ते बरोब्बर बसले. “मास्तर असा उभा राहतो. तासभर. हलत नाही.” मग पहिल्या बाकावर हात फिरवला आणि शेवटच्यावर. पहिलं नव्यासारखं होतं, शेवटचं घासून चकचकीत. “आणि पोरं तिकडे बसतात, दाराजवळ.”

मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. त्या वर्गात त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं, आणि बाबांनी मला तिथला तास दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर. पहिलंच बाक डुगडुगलं. बाबा वैतागले. “इथे सुताराला बाकं मोकळी मिळतच नसणार!” उंच टेबल मात्र कोरं होतं, पॉलिशसुद्धा गेलेलं नव्हतं. मग पहिल्या बाकाच्या फळ्याकडच्या कडेवर त्यांचा हात थांबला. तिथलं पॉलिश वीतभर रुंद उडालं होतं.

“इथे कोण बसतं?”

“विद्यार्थी,” मी ओरडले.

“विद्यार्थी पलीकडे बसतो. ही फळ्याकडची बाजू.” ते त्या कडेवर एक मांडी टेकवून तिरके बसले, तोंड वर्गाकडे, दुसरा पाय जमिनीवर. “मास्तर बसतो इथे. पोरांत येऊन.” तसाच डाग तिसऱ्या बाकावर होता, सहाव्यावर होता, पार शेवटच्याही बाकावर होता. “वर्गभर फिरतो बघ हा माणूस.”

लायब्ररीत ते टेबलांच्या कडा चाचपत गेले आणि मोठ्यांदा म्हणाले, “इथे तिघं-तिघं एका वहीवर वाकतात! कोपरं बघ किती जवळजवळ घासलीत!” लायब्ररीतल्या बाई ओठांवर बोट ठेवून धावत आल्या. बाबा म्हणाले, “काय?” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बाईंनी टेबलाची कड पाहिली आणि हळूच विचारलं, “यांना कसं कळलं? रोज संध्याकाळी अशीच बसतात मुलं.” बाबांच्या चेहऱ्याकडे मी बघतच राहिले. हाच माणूस मला रोज गिऱ्हाइकाची मापं चारचारदा विचारतो!

परतीच्या बसमध्ये ते म्हणाले, “टेकडीवरचं. प्रश्नच नाही.”

“बाबा, तिथे सुट्टी दहाच दिवस.”

“माहितीय. बाकानंही तेच सांगितलं.” आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

ते खोटं बोलले असते तर मला कुठे कळणार होतं? नदीकाठी बाकं पक्की आहेत, तिकडेच जा, एवढं म्हटलं असतं तरी मी वर्षातले तीन महिने त्यांच्याजवळ राहिले असते. पण लाकडाविषयी त्यांना खोटं बोलता येत नाही.

तरी हट्टाला मी त्यांचीच मुलगी. शुक्रवारी दुपारी होकाराच्या कागदावर नदीकाठचं नाव घातलं, कोपऱ्यावरून पाकीट आणलं आणि बाबांना सांगायला रस्त्याकडून दुकानात शिरले. त्या दाराने मी कधी येत नसे. मी दुकानात असले की ते सताड उघडंच असायचं. आज ते लोटलेलं होतं. आत मशीन कर्कश ओरडत होतं, बाबांची पाठ माझ्याकडे होती.

मी दार ढकललं, आणि बाबांच्या डोळ्यांसमोरच्या भिंतीवर लाकडाची एक लाल पट्टी ताडकन उभी राहिली.

बाबांनी मशीन बंद केलं, वळले आणि म्हणाले, “या, काय हवंय?” मग मला बघून त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

दारापासून एक बारीक दोरी निघून तुळईवरून पट्टीपर्यंत गेली होती. मी स्टुलावर चढले. दोरी घासून तुळईला खाच पडली होती, माझं नख आत बुडालं. सागवानात एवढी खोल खाच आठवड्या-दोन आठवड्यांत पडत नाही. एवढं वाचायला मलाही येत होतं.

“कधीपासून?” मी ओरडले.

“काय?”

“ही दोरी कधीपासून आहे?”

“तू नववीत गणितात पहिली आलीस ना, तेव्हापासून. म्हटलं, ही काही इथे राहायची नाही. सवय केलेली बरी. तू यायची वेळ झाली की काढून ठेवायचो.”

चार वर्षं! मी शाळेत असताना हा माणूस रोज माझ्याशिवाय राहायचा सराव करत होता. मला रडावं की त्यांच्या पाया पडावं कळेना.

“मग मी खांद्यावर थाप मारायचे, त्याची गरजच नव्हती?”

“नव्हती,” बाबा म्हणाले. “ती मला आवडायची.”

मी त्यांच्या कानावरची पेन्सिल काढली, कागदावरचं नाव खोडलं आणि टेकडीवरचं लिहिलं. बाबा तोवर मशीनकडे वळले होते. मी जाऊन त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि कागद त्यांच्यापुढे धरला.