वरच्या मजल्यावरची माईकवाली

जेवणं उरकली की आमच्या पुनावळ्याच्या घरात वरच्या खोलीतून टाळ्या ऐकू यायच्या. दोनच हातांच्या, पण दणदणीत. भाडेकरू माईकवाली तिची रोजची गोळी गिळायची आणि तिची सात वर्षांची पोर स्वरा टाळ्या वाजवायची. "टाळ्या कमी पडल्या ओऽ!" हेही माईकवालीच ओरडायची.

सोसायट्यांच्या हळदीकुंकवात बायकांचे खेळ घेणं हा तिचा धंदा. नवरा कधीच सोडून गेलेला. एकदा लिंबू-चमचा तोंडात धरून मी तिच्या वायरीत अडकून आडवी झाले. "वहिनींना दंडवत घालायचा होता, टाळ्या!" म्हणत तिने मला उठवलं, माझी लाज राखली.

"डोकं कधी पळत सुटतं, कधी उठतच नाही, वहिनी. गोळी हा माझा लगाम," ती सांगायची. ती भिंतीकडे तोंड करून पडली की स्वरा खाली येऊन सांगायची, "आजी, आज मम्मीचा कार्यक्रम नाही."

गोळीने तिचा माईकचा हात थरथरायचा. बायका फिदीफिदी हसल्या, तशी ती रडत आली. मी तेव्हा पंचावन्नची, अकलेने पंधराची. म्हटलं, "सोड की त्या गोळ्या! आमच्यात कुणी खाल्ल्या न्हाईत, काय बिघडलं?" तिला दुसरं वडीलधारं कुणी नव्हतं. तिने ऐकलं.

वरच्या टाळ्या थांबल्या. हात स्थिर झाला. ती दिवसाला तीन-तीन कार्यक्रम करू लागली, झोपेनाशी झाली. मी गल्लीभर मिरवले, "माझा सल्ला!"

मग चिंचवडच्या एका कार्यक्रमात बक्षिसं संपली, तरी ती थांबेना. स्वतःच्या बांगड्या वाटल्या, कानातलं वाटलं. शेवटी स्वराचा हात एका अनोळखी बाईच्या हातात दिला. "हे पहिलं बक्षीस!" पोर किंचाळली. बायकांना गंमत वाटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत मीही.

तिला दवाखान्यात ठेवलं. तिचा भाऊ येऊन स्वराला लातूरला घेऊन गेला. माईकवाली बरी झाली, पण त्याने पोर परत दिली नाही.

खोली सोडताना ती माझ्याकडे आली. थरथरता हात पुढे केला. "बघा वहिनी, गोळी परत चालू केली." माझ्याकडून पाणी घेऊन गोळी गिळली आणि सवयीने क्षणभर थांबली.

मी हात उचलले. ते वाजेनात.