तळ्यावर हरवलेला दादा

रायपुरात मी आयुष्यात एकदाच हरवलो, तेही धाकट्या भावाला सांभाळायला गेलो असताना.

शिरीष ऑटिस्टिक आहे. नवा रायपूरमधल्या एका ऑफिसात नकाशे काढतो. गर्दी आणि गोंगाट त्याला सोसत नाही, म्हणून त्याच्यासोबत बुंदी असे. ही शिकवून तयार केलेली लॅब्राडोर. आवाज वाढला की त्याला ढोसून शांत जागी न्यायची आणि त्याच्या पायांवर अख्खं वजन टाकून पडायची. तरीही तेलीबांध्याच्या तळ्यावर मेळा भरला, तेव्हा मी हट्टाने त्यांच्यासोबत गेलो. (कुत्रीवर किती विसंबायचं?)

एका दुकानदाराला मी भावाची किती काळजी घेतो ते सविस्तर सांगत होतो. तेवढ्यात ढोल सुरू झाले. सांगून झाल्यावर वळून पाहिलं तर शिरीष नाही, बुंदीही नाही. मोबाइल घरी चार्जिंगला. मी तळ्याभोवती धावत सुटलो. दिसेल त्याला विचारलं, दोन अनोळखी लॅब्राडोरना हाका मारल्या. नको ते सगळं मनात येऊन गेलं. पाण्याकडे तर बघवेना.

आणि भोंग्यातून शिरीषचा सपाट आवाज आला. "मेरे दादा गुम गए हैं. नाम विनायक. टकले हैं. पेट आगे है. बिना पूछे बोलते हैं. घबराए होंगे, उनसे ज़ोर से बात मत कीजिए."

क्षणात चार जणांनी मला ओळखलं. चौघेही माझ्याशी अगदी हळू बोलत होते.

घोषणेच्या मंडपात शिरीष कान गच्च दाबून भोंग्याखालीच बसला होता. बुंदी त्याच्या पायांवर. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो.

"अरे, एवढ्या आवाजात तू काहून आला?"

"तू हरवला होता," तो म्हणाला.

बुंदी उठली आणि माझ्या पायांवर येऊन पडली. मला वाटलं, माया. मी तसं म्हणालोही.

"नाही दादा. तुले जास्त गरज आहे, असं समजून राहिली ते."

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. बुंदी आता म्हातारी झाली आहे, दिवसभर गॅलरीत झोपते. परवा तिला घेऊन आम्ही तळ्यावर गेलो तर ती घोषणा अजून न विसरलेल्या गेटवरच्या गार्ड दीदीने शिरीषला विचारलं, "भैया, कुत्ता तो बूढ़ा हो गया. अब अंकल को कौन सँभालेगा?"

शिरीष कुठलाही प्रश्न गंभीरपणे घेतो. तो अजून विचार करतोय.